दुखणं पुढच्या टायरला, औषध मागच्याला?

पत्र आलंय कोथरूडहून. थोडं छोटं करून देतोय:

"दादा नमस्कार, माझ्याकडे २०१८ ची पोलो जीटी टीएसआय आहे, ऑटोमॅटिक. गाडी पळायला मस्त आहे पण पावसात सिग्नलवरून जरा जोरात उचलली की पुढची चाकं जागेवर फिरतात आणि ताम्हिणीत वळणावर नाक बाहेर बाहेर पळतं. (टायर अजून ओरिजनलच आहेत, ४१ हजार झालंय, नक्षी बरी आहे.) मित्र म्हणतो मागे रुंद टायर टाक, गाडी रुळावरून चालल्यासारखी चालेल, बीएमडब्ल्यूला पण तसंच असतं. एका दुकानात १७ इंची डीप डिश (खोल थाळीसारख्या) रिम बघितल्यात, पुढे ७ इंच रुंद आणि त्यावर २०५/४५, मागे ८ इंच रुंद आणि त्यावर २२५/४५. दिसायला एक नंबर. ५ हजार टोकन दिलंय. घरी अजून सांगितलं नाही. फ्रंट व्हील ड्राईव्हला असं चालतं का? तुम्ही काय करा म्हणाल?"

अरे मित्रा, टोकन देऊन झाल्यावर सल्ला विचारणं ही आपली पुणेरी पद्धतच आहे, मुलगी पसंत करून झाल्यावर पत्रिका बघतात तसं. असो. बाकीचे पैसे अजून खिशात आहेत तोवर बोलून घेऊ.

मित्र म्हणतो ते अर्धं खरं आहे. बीएमडब्ल्यू थ्री सिरीजच्या एम स्पोर्टला पुढे २२५ आणि मागे २५५ (म्हणजे टायरची रुंदी, मिलीमीटरमधे) असं असतंच, पोर्शे ९११ ला तर मागचे टायर बघून रोड रोलर आठवतो. पण त्या गाड्यांना ढकलणारी चाकं मागची आहेत. इंजिनची सगळी ताकद मागच्या दोन टायरमधून रस्त्यावर उतरते म्हणून तिथे रबर जास्त दिलंय, आणि ९११ चं तर इंजिनही मागेच बसवलंय म्हणजे वजनही तिकडे. शिवाय अशा गाडीत ऍक्सिलरेटर जास्त दाबला गेला तर शेपूट बाहेर येते, ती जागेवर रहावी म्हणूनही मागे रुंद टायर. थोडक्यात जो राबतो त्याला जास्त खायला, इतका साधा हिशोब आहे तो.

आता तुझ्या पोलोत कोण राबतंय बघ. गाडी ओढायची पुढच्यांनी, वळवायची पुढच्यांनी, ब्रेक मारला की वजन पुढे येतं म्हणून थांबवायचं मोठं कामही पुढच्यांनीच. इंजिन गिअरबॉक्स सगळं पुढे, म्हणजे उभ्या गाडीत सुद्धा साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन टायरवर. मागचे दोघं काय करतात तर मागे मागे येतात. (अगदीच काही करत नाहीत असं नाही, त्यावर येतो नंतर, त्यात माझीच एक फजिती आहे.) आणि तू नवीन रुंद बूट कोणाला घेतोयस तर मागे मागे येणाऱ्याला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ना, तसं झालं हे.

नाक बाहेर का पळतं ते नीट समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी मित्राला तूच सांगशील. टायर वळणावर पकड धरतो तेव्हा तो जिकडे तोंड करून आहे त्यापेक्षा किंचित तिरका सरकत असतो, म्हणजे चाक एका दिशेला आणि प्रत्यक्ष जाणं जरा वेगळ्या दिशेला. हा तिरकेपणा पुढच्या टायरचा जास्त झाला की गाडी वळणाच्या बाहेर जायला बघते, त्याला अंडरस्टीअर म्हणतात. मागच्याचा जास्त झाला की शेपूट फिरते, ते ओव्हरस्टीअर. आता टायरवर वजन दुप्पट केलं म्हणून पकड काही दुप्पट होत नाही, वाढते पण वजनाच्या मानाने कमीच वाढते. त्यामुळे चारही टायर सारखे असले तरी तुझ्या गाडीत वजन जास्त असलेले पुढचे टायर आधी हात टेकतात, त्यात इंजिनची १७५ न्यूटन मीटर ओढ त्यांच्याच डोक्यावर. कंपनीने मुद्दाम तसंच ठेवलंय कारण नाक बाहेर गेलं की सामान्य माणूस आपोआप पाय काढतो आणि गाडी सावरते, शेपूट फिरली की सामान्य माणूस देवाचं नाव घेतो.

या गाडीच्या मागे २२५ टाकले तर मागची पकड वाढेल, मागचा तिरकेपणा कमी होईल आणि पुढचा आहे तसाच राहील. म्हणजे नाक आत्ता पळतंय त्यापेक्षा जास्त पळेल! रुळावरून चालल्यासारखी चालेल हे मित्राचं म्हणणं खरं आहे एका अर्थाने, रुळावरची गाडी सरळच जाते. अजून एक गंमत सांगतो, कडक सस्पेन्शनच्या छोट्या हॅचबॅक जोरात वळवल्या की आतल्या बाजूचं मागचं चाक चक्क हवेत उचललं जातं, रेसच्या फोटोत बघितलं असशील, कुत्रा खांबापाशी पाय वर करतो तसं. हवेतल्या २२५ चा काय उपयोग सांग.

मग उलटं केलं तर, पुढे रुंद मागे अरुंद? हा प्रश्न तू विचारला नाहीस पण मला खरा इंटरेस्टिंग तोच वाटतो, कारण ज्यांनी डोकं लावलं त्यांनी हेच केलंय. १९५५ ची सिट्रोएन डीएस, फ्रेंच गाडी, फ्रंट व्हील ड्राईव्ह, तिला पुढे १६५ आणि मागे १५५ होते आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतरही पुढच्यापेक्षा चांगलं कमी. अमेरिकेत पाँटियाकवाल्यांनी ग्रां प्री जीएक्सपी मधे ५.३ लिटरचं व्ही८ आणि ३०३ हॉर्सपॉवर पुढच्या चाकांना जुंपली (काय हौस असते एकेकाची), त्यांनी पुढे २५५ आणि मागे २२५ दिले, कंपनीतूनच. आत्ताची ऑडी आरएस३ चारही चाकांना ताकद देते पण इंजिन पुढे आडवं आणि वजन पुढे म्हणून पुढे २६५ मागे २४५. आणि सगळ्यात वेडा प्रकार म्हणजे निस्सानने २०१५ च्या ल मॉं २४ तास रेसला आणलेली जीटी-आर एलएम, रेसिंग प्रोटोटाईप आणि पुढची चाकं ओढणारी, पुढचे टायर १४ इंच रुंद आणि मागचे फक्त ९ इंच. तीन गाड्या उतरवल्या, दोन मधेच बसल्या, तिसरीने रेस संपवली पण पुरेसं अंतर झालं नाही म्हणून निकालात नाव नाही. त्यात हायब्रिड सिस्टीम धड चालत नव्हती वगैरे बरीच कारणं होती, टायरचा दोष नव्हता तो, पण इंजिनियर लोकांनी कोऱ्या कागदावर फ्रंट व्हील ड्राईव्ह काढायला घेतली तेव्हा रबर कुठे ठेवलं ते बघ. ड्रॅग रेसवाल्या फ्रंट व्हील ड्राईव्ह गाड्या पण बघ कधी, पुढे जाडजूड स्लिक (नक्षी नसलेले गुळगुळीत टायर) आणि मागे स्टेपनीसारखे बारके.

पण हे वाचून लगेच दुकानदाराला फोन करून रिम उलट्या बसव म्हणून सांगू नकोस, त्याआधी माझी फजिती ऐक.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे जुनी एस्टीम होती, १५५/८० आर१३ टायर (म्हणजे रुंदी १५५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १३ इंची). पुढचे झिजले, खिशात पैसे दोनच टायरचे, आणि तेव्हा मी हे सगळं नवीन नवीन वाचलेलं त्यामुळे स्वतःला लय शहाणा समजायचो. पुढे १७५/७० आर१३ टाकले नवे कोरे आणि मागे ते जुनेच १५५ ठेवले. उंची जवळपास सेम, तीन मिलीमीटरचा फरक, सगळं गणित बरोबर. आणि कोरड्या रस्त्यावर काय चालायची ती गाडी, कात्रजच्या घाटात नाक जिकडे दाखवेन तिकडे, मी दोन महिने सगळ्यांना सांगत फिरलो. मग जुलै आला. ताम्हिणीत, डोंगरवाडीच्या पुढे उताराच्या वळणावर, समोर धुक्यात अचानक एक म्हैस, मी दचकून ऍक्सिलरेटरवरचा पाय काढला. फक्त पाय काढला हां, ब्रेक पण नाही. वजन गेलं पुढे, मागचे टायर हलके झाले, ते आधीच अरुंद, जुने, दगडासारखे कडक झालेले, वर पाणी. पुढच्या क्षणी गाडीचं तोंड मुळशीकडे आणि शेपूट कोकणाकडे. दरीच्या बाजूला गेलो नाही ते नशीब, डोंगराच्या बाजूच्या गटारात मागचं चाक गेलं आणि थांबलो. म्हैस शांतपणे बघत होती. शेजारी बायको बसलेली, ती तेव्हा काही बोलली नाही आणि ते जास्त वाईट होतं.

तर मागचे टायर काही करत नाहीत असं वाटतं ते असं. ते काम करतात तेव्हा कळतच नाही, करायचे थांबले की कळतं. म्हणून टायर कंपन्या पण सांगतात की दोनच नवीन टायर घेतले तर ते मागे टाका आणि मागचे चांगले असतील ते पुढे आणा, फ्रंट व्हील ड्राईव्ह असली तरी. लोकांना उलटं वाटतं, मलाही वाटायचं. कंपनीवाले पुढे रुंद मागे अरुंद करतात तेव्हा सस्पेन्शन, अँटी रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा), ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) सगळं त्या हिशोबाने बसवलेलं असतं आणि कोणीतरी पगार घेऊन टेस्ट ट्रॅकवर शेकडो वेळा ती गाडी घसरवून बघितलेली असते. आपण नाना पेठेतून दोन टायर आणून ताम्हिणीत टेस्टिंग करतो.

आता तुझ्या त्या रिमच्या साईझकडे येऊ, कारण तिथे अजून एक घोळ आहे. तुझा ओरिजनल १९५/५५ आर१६, त्याची उंची येते साधारण ६२१ मिमी. २०५/४५ आर१७ ची ६१६ आणि २२५/४५ आर१७ ची ६३४. म्हणजे पुढच्या मागच्यात १८ मिमी, जवळजवळ ३ टक्के फरक. दर किलोमीटरला तुझी पुढची चाकं मागच्यांपेक्षा १५ फेऱ्या जास्त मारणार, आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएसपीचं सगळं डोकं चाकांच्या फेऱ्या मोजण्यावर चालतं. त्यांना वाटू शकतं की पुढची चाकं सतत थोडी घसरतायत. दरवेळी दिवा लागेलच असं नाही पण ऐन पावसात ज्या यंत्रणेवर तुझा जीव आहे तिला आधीपासूनच चुकीची माहिती का देऊन ठेवायची? मागे २२५/४० घेतला तर उंची ६१२ येऊन हे गणित जुळतं, पण नाक बाहेर पळायचा मूळ आजार तसाच.

दुसरं म्हणजे २०५/४५ आर१७ साध्या प्रकारात ८४ लोड इंडेक्सचा येतो, म्हणजे एका टायरला ५०० किलो. तुझ्या ओरिजनलवर ८७ लिहिलेलं असेल, ५४५ किलो. सगळ्यात जास्त वजन उचलणाऱ्या टायरची ताकद तू कमी करतोयस आणि रिकाम्या डिकीखाली पहिलवान बसवतोयस. एक्सएल (जास्त वजन पेलणारा) लिहिलेला घेतला तर ८८ मिळतो, पण दुकानात हे सांगितलं का कोणी? बाजूची भिंत पण १०७ मिमीवरून ९२ वर येते, आणि आपल्या पुण्यातले खड्डे पाऊस सुरू झाला की पाण्याने झाकलेले असतात, स्वस्तातल्या रेप्लिका रिमला तडा जायला एक पुरतो.

८ इंची रिम मागे बसणार कशी हा वेगळाच विषय. तुझी रिम ६ इंचाची, २ इंच वाढले, ऑफसेट (रिम गाडीला जिथे बसते ती जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते माप) तोच ठेवला तर एक इंच आत आणि एक इंच बाहेर. ऑफसेट कमी करून बाहेर काढली तर अजून बाहेर. पोलोला मागे ट्विस्ट बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) आहे, कॅम्बर ऍडजस्ट करून चाक वरून आत झुकवायची सोय नाही, त्यामुळे मागे तीन पाहुणे बसवून सिंहगड रोडच्या एखाद्या स्पीड ब्रेकरवरून गेलास की टायर फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) कड खायला सुरू. मग दुकानदार म्हणणार फेंडर आतून दाबून देतो. मग रंग उडतो. मग गंज. हे कुठे थांबत नाही बघ.

आणि टायर रोटेशन गेलं. फ्रंट व्हील ड्राईव्हला पुढचे टायर भराभर झिजतात म्हणूनच आपण दर ८-१० हजारला पुढचे मागे करतो, तू ४१ हजार एका सेटवर काढलेस ते त्यामुळेच. पुढे मागे वेगळी साईझ म्हणजे पुढचे संपणार, मागचे वर्षानुवर्षं नवेच दिसणार आणि आतून म्हातारे होणार. स्टेपनी तर पुढे मागे दोन्हीकडे जुळणार नाही. कायद्याचं पण एक वाक्यात सांगतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, दंड एका बदलाला ५ हजार आहे आणि कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैदही लिहिलेली आहे, आणि टायर फेंडरच्या बाहेर दिसत असला तर उद्या विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला वेगळा पुरावा शोधावा लागणार नाही.

बरं. आता तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, जे तू कंसात टाकलंयस. टायर अजून ओरिजनल आहेत. अरे २०१८ ची गाडी! नक्षी बरी आहे म्हणजे काय, रबर म्हणजे काय लोणचं आहे का मुरल्यावर चांगलं व्हायला. टायरच्या बाजूला डीओटीने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघ, २३१८ असेल तर २०१८ चा २३ वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यायला सांगतात आणि तुझे त्याच्या पुढे कधीच गेलेत. नखाने दाबून बघ, नवीन टायर शेजारी ठेवून दाब, फरक कळेल. कडक रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही, म्हणून सिग्नलला चाक फिरतं आणि म्हणूनच वळणावर नाक पळतं. तुझ्या दोन्ही तक्रारींचं उत्तर मला तरी तिथेच दिसतंय. रुंदीचा प्रश्नच नाही हा. उलट पावसात रुंद टायरला पाणी बाजूला सारायला जास्त कष्ट पडतात, साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो, एक्स्प्रेस वेवर अनुभव घेतला असशील स्टीअरिंग एकदम हलकं होतं तो.

मी काय करेन विचारलंस तर, ओरिजनल १९५/५५ आर१६ मधेच चार चांगले टायर घेईन, ओल्या पकडीसाठी नाव असलेले, चारही एकच कंपनी एकच मॉडेल, आणि घेताना तारीख बघून, दुकानदार दोन वर्षं पडलेला माल गोड बोलून गळ्यात मारतात. व्हील अलाइनमेंट चारही चाकांचं. हवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर लिहिलीये तेवढीच, पंपावरच्या पोराला "टाक तीस-पस्तीस" सांगून नाही. आणि ओल्यात सिग्नलवरून उचलताना उजवा पाय जरा पिंजऱ्यात ठेव, टर्बो एकदम येतो त्या इंजिनात.

१७ इंचाचा किडा डोक्यातून जातच नसेल, आणि तो जात नाही हे मला माहितीये, तर चारही सारख्या ७ इंची रिम आणि चारही २१५/४५ आर१७, उंची ६२५ येते म्हणजे ओरिजनलच्या एक टक्क्याच्या आत. ५ बोल्ट १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर आणि मधलं भोक ५७.१ मिमी, नाहीतर बरोबर मापाची सेंटर रिंग, हे बघितल्याशिवाय बसवू नकोस. कलम ५२ चं वाक्य अर्थात यालाही लागू आहे आणि खड्डे पण, फक्त गाडीचा तोल तरी बिघडणार नाही. एवढ्या पैशात चांगले १६ इंची टायर येऊन वर कोकणची दोन दिवसांची ट्रिप निघते हा माझा हिशोब, तुझा वेगळा असू शकतो.

राहिलं टोकन. दुकानदाराला सांग रिम नको, त्या पाच हजारात टायर आणि अलाइनमेंट वळते करून घे. बहुतेक ऐकतील, गिऱ्हाईक कोणाला सोडायचं नसतं. नाही ऐकलं तर पाच हजार गेले समज, आणि घरी सांगितलं नाहीयेस ते एका अर्थी बरंच झालं.